मॉन्सल ट्रेल, पीक डिस्ट्रिक्ट: बोगदे सायकलने करा, नदी पायी बघा

मॉन्सल ट्रेलबद्दल लोक लिहितात ते बहुतेक सारखंच असतं, सायकल भाड्याने घेतली, बोगद्यांतून गेलो, पुलावर फोटो काढले, कॅफेत केक खाल्ला, खूप मजा आली. मजा येतेच, त्यात वादच नाही. पण माझं स्पष्ट मत आहे की नुसती सायकल चालवून परत आलात तर या दरीचा सगळ्यात सुंदर भाग तुम्ही बघितलेलाच नसतो, आणि त्याचं कारण ही जुनी रेल्वे लाइन जशी बांधली त्यातच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मँचेस्टर, शेफील्ड, डर्बी, नॉटिंगहॅमकडे राहणाऱ्यांना एका दिवसात होण्यासारखं आहे, आणि भारतातून आई-बाबा आले असतील, त्यांना लंडन दाखवून झालं असेल आणि आता खरं इंग्लंडचं खेडं दाखवायचं असेल तर हीच जागा मी सगळ्यात आधी सांगेन.

आधी थोडं बेसिक. पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं नॅशनल पार्क, 1951 सालचं. नॅशनल पार्क म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जंगल, गेट, तिकीट, जीप असं काहीतरी येतं, इथे तसं काही नाही, आत गावं आहेत, शेतं आहेत, शाळा आहेत, लोक राहतात, आणि आत यायला एक पैसाही लागत नाही. मॉन्सल ट्रेल ही या पार्कमधली साडेआठ मैलांची म्हणजे साधारण पावणेचौदा किलोमीटरची वाट, एका टोकाला बेकवेल गाव आणि दुसऱ्या टोकाला बक्सटनच्या अलीकडे ब्लॅकवेल मिल. चालणारे, सायकलवाले, व्हीलचेअरवाले, घोडेवाले सगळ्यांना खुली, फुकट, गाड्यांना पूर्ण बंदी. पार्किंगला मात्र पैसे पडतात.

ही वाट म्हणजे मिडलंड रेल्वेची जुनी मेन लाइन, मँचेस्टरहून लंडनला जाणारी. या भागातला पट्टा 1863 मध्ये सुरू झाला आणि 1968 मध्ये बंद पडला. रूळ उचलल्यावर 1981 मध्ये नॅशनल पार्कने ती चालायला खुली केली, पण मोठे चार बोगदे तेव्हा बंदच ठेवले होते, ते थेट मे 2011 मध्ये दिवे लावून उघडले. म्हणजे मधली तीस वर्षं लोकांना प्रत्येक बोगद्यापाशी ट्रेल सोडून खाली उतरून, वळसा घालून पुन्हा वर यावं लागायचं. हे लक्षात ठेवा, कारण माझा मुद्दा नेमका इथेच आहे.

वाय नदी या चुनखडीच्या डोंगरातून नागमोडी जाते. रेल्वेला इतकी वळणं घेता येत नाहीत, त्यामुळे इंजिनियर लोकांनी काय केलं, तर जिथे नदीने सगळ्यात मोठं वळण घेतलं आणि कडे सगळ्यात उंच झाले तिथे सरळ डोंगर फोडून बोगदा काढला. आता विचार करा, तुम्ही सायकलवर बोगद्यात शिरता आणि 400 मीटरनंतर बाहेर येता, तेवढ्यात नदी बाहेरून एक अख्खं वळण घेऊन आलेली असते, आणि त्या वळणावर जे काही आहे, पांढरे कडे, हिरवं पाणी, पक्षी, ते सगळं तुमच्याकडून सुटलेलं असतं. बोगदे जितके भारी वाटतात तितकंच ते लपवतातही. त्या जुन्या वळशाच्या पायवाटा आजही आहेत, फक्त 2011 नंतर गर्दी वरून जाते आणि खाली शांत असतं. आमच्यासाठी चांगलंच झालं म्हणायचं.

आता सायकलचं. भाड्याच्या सायकली ट्रेलवरच मिळतात, बेकवेलच्या बाजूला हॅसप स्टेशनवर आणि दुसऱ्या टोकाला ब्लॅकवेल मिलपाशी. हॅसप स्टेशन म्हणजे खरोखरचं जुनं स्टेशन, तिथे आता कॅफे आहे, पुस्तकांचं दुकान आहे आणि मोठं पार्किंग आहे, त्यामुळे बहुतेक कुटुंबं तिथूनच सुरू करतात. मुलांची सीट, मागे जोडायचा ट्रेलर, छोट्यांच्या सायकली, ई-बाइक असे प्रकार साधारण सगळीकडे असतात, पण सुट्टीच्या दिवशी आधी बुक न करता जाऊ नका, विशेषतः मुलांच्या मापाच्या सायकली पटकन संपतात. ई-बाइकला इथे वय किमान 14 लागतं आणि ताशी साडेपंधरा मैल म्हणजे 25 किलोमीटरच्या वर मोटर मदत करायची थांबते. लायसन्स लागत नाही. हेल्मेट कायद्याने सक्तीचं नाहीये, पण मी तरी घालतेच आणि मुलांना घातल्याशिवाय सोडत नाही.

एक तक्रार मात्र आहे. या भागातल्या एका भाड्याच्या दुकानात (नाव लिहीत नाही) मला जी सायकल दिली तिचा मागचा ब्रेक जवळजवळ लागतच नव्हता आणि काउंटरवरच्या माणसाने आधी "ट्रेल सपाट आहे, चालून जाईल" असं सांगितलं. मी हटून बसले तेव्हा बदलून दिली. ट्रेल सपाट वाटली तरी सपाट नाहीये, बेकवेलकडून ब्लॅकवेल मिलकडे हलका चढ आहे, जाताना फारसा कळत नाही पण येताना सायकल आपोआप पळायला लागते, आणि समोर कुत्री, बाबागाड्या, तीन वर्षांची मुलं असतात. तर भाड्याने घेताना दोन्ही ब्रेक दाबून बघा, सीटची उंची करून घ्या, गिअर एकदा वरखाली करा, बेल वाजते का बघा. लाजायचं काही कारण नाही, पैसे देतोय आपण. आणि हा चढ लक्षात घेऊनच सांगते, सुरुवात बेकवेल किंवा हॅसपकडून करा म्हणजे दमल्यावर परतीचा रस्ता उताराचा मिळतो, लहान मुलं बरोबर असतील तर याने दिवसभराचा मूड ठरतो.

हॅसप सोडल्यावर पहिला तुकडा साधा आहे, दोन्ही बाजूंना झाडं, मधेच शेतं, ग्रेट लाँगस्टोनचं जुनं छोटं स्टेशन. मे महिन्यात कडेच्या बांधावर पिवळी काउस्लिपची फुलं असतात आणि उन्हाळ्यात रानमरव्याचा वास येतो, बाकी इथे रेंगाळायची गरज नाही. मग एकदम हेडस्टोन बोगदा. उन्हाळ्यातसुद्धा तोंडाशी पोचलात की फ्रिजचं दार उघडल्यासारखी गार हवा अंगावर येते, तर पातळ जॅकेट पिशवीत ठेवाच. आत दिवे आहेत, वाट रुंद आहे, छतातून पाणी ठिबकतं, भिंती अजून इंजिनाच्या काजळीने काळ्या आहेत, आणि प्रत्येक लहान मूल आत शिरल्या शिरल्या ओरडून बघतंच. गॉगल लावला असेल तर काढा, उन्हातून आत गेल्यावर काही क्षण खरंच काही दिसत नाही.

आणि बोगद्यातून बाहेर पडलात की डायरेक्ट हेडस्टोन व्हायाडक्टवर. पाच कमानींचा दगडी पूल, खाली वाय नदी, दोन्ही बाजूंना दरी उघडलेली. आज लोक हा पूल बघायला लांबून येतात, पण बांधला तेव्हा इंग्रज लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किन प्रचंड चिडला होता, त्याचं म्हणणं होतं की बक्सटनच्या मूर्खाला अर्ध्या तासात बेकवेलला पोचता यावं आणि बेकवेलच्या मूर्खाला बक्सटनला, एवढ्यासाठी तुम्ही देवांची दरी घालवलीत. मला दोन्ही पटतं. पूल सुंदर आहे, आणि पुलावर उभं राहून खालची नदी बघितली की त्याला काय म्हणायचं होतं तेही कळतं. पुलाचा चांगला फोटो हवा असेल तर पुलावरून मिळणार नाही, वर मॉन्सल हेडला जावं लागतं, ट्रेलवरून चढून जायला पायवाट आहे, खडी आहे, सायकल घेऊन नको. आई-बाबांना चढ जमत नसेल तर गाडीने थेट मॉन्सल हेडला जा, तिथून बसल्या बसल्या अख्खं दृश्य दिसतं.

पुढे क्रेसब्रुक आणि लिटन असे दोन बोगदे जवळजवळ लागून आहेत, आणि या दोन बोगद्यांच्या मध्ये एकदम उजेडात आलात की खाली नदीकडे बघा, थांबून बघा. खाली पाण्याचा संथ डोह आणि त्यावर उभे चुनखडीचे कडे दिसतात, त्या जागेचं नाव वॉटर-कम-जॉली डेल. ट्रेलवरून याची फक्त झलक मिळते. खालून चालत गेलात तर एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला डोक्यावर आलेला कडा, कड्यावर दोर लावून चढणारे गिर्यारोहक, आणि पाण्यात कूट पक्षी आपापल्या घरट्यांवर बसलेले. वाट क्रेसब्रुक मिलपासून लिटन मिलपर्यंत जाते, साधारण दीड-दोन किलोमीटर, सपाट, कोणालाही जमेल अशी. जोराचा पाऊस झाला की डोहाचं पाणी वाटेवर येतं, मग बूट भिजवायची तयारी ठेवा नाहीतर मागे फिरा.

लिटन मिलपाशी मात्र मला नेहमी थोडा वेळ थांबावंसं वाटतं. आज ते नदीकाठचे देखणे फ्लॅट्स आहेत, खिडकीत कुंड्या, बाहेर चकचकीत गाड्या. पण ही कापसाची सूतगिरणी होती आणि इथे अनाथ मुलं कामाला आणली जायची, लंडनच्या अनाथालयांतून, करार करून, वयात येईपर्यंत. रॉबर्ट ब्लिंको नावाचा असाच एक मुलगा जगला आणि मोठेपणी त्याने इथला छळ जगाला सांगितला म्हणून आपल्याला कळतं. मेलेल्या मुलांना आजूबाजूच्या टाइड्सवेल आणि टॅडिंग्टन गावांच्या चर्चच्या आवारात पुरत. हे सगळं वरच्या ट्रेलवरून कळत नाही, वरून फक्त छप्पर दिसतं. खाली गिरणीच्या भिंतीजवळून चालताना नदीचा आवाज इतका येतो की हीच नदी त्या चाकांना फिरवत होती हे आपोआप लक्षात येतं. इंग्लंडच्या खेड्यांचं सौंदर्य बघायला येतो तेव्हा ते सगळं कायम असंच शांत नव्हतं हे मुलांना जरूर सांगा, माझ्या भाचीला तो भाग पुलापेक्षा जास्त लक्षात राहिलाय.

ट्रेलवर परत येऊ. लिटन बोगद्यानंतर मिलर्स डेल, इथलं जुनं स्टेशन बघण्यासारखं आहे, बक्सटनला जायला लोक इथे गाडी बदलायचे त्यामुळे एवढ्याशा वस्तीला केवढं मोठं स्टेशन होतं. आता त्यात कॅफे आहे, माहिती आहे, टॉयलेट आहेत, पार्किंग आहे. शेजारी शेजारी दोन उंच पूल आहेत, पहिला 1863 चा आणि दुसरा 1905 चा, गाड्या वाढल्या म्हणून दुसरा बांधला. स्टेशनच्या पुढे चुन्याच्या अवाढव्य भट्ट्या आहेत, डोंगरातला दगड फोडून इथेच भाजायचे आणि खालून रेल्वेच्या डब्यात भरायचे. भट्टीच्या पायथ्याशी उभे राहिलात की तिची उंची कळते.

मिलर्स डेलनंतर शेवटचा मोठा बोगदा, ची टॉर. आणि हा बोगदा जी जागा टाळतो ती म्हणजे ची डेल, माझ्या मते या अख्ख्या परिसरातली एक नंबर जागा. इथे सायकल चालतच नाही, नेताच येत नाही. दरी इतकी अरुंद होते की पायवाटेला जागाच उरत नाही, मग दोन ठिकाणी कड्याच्या अगदी पायाशी नदीतच मोठे चौकोनी दगड ओळीने ठेवलेत आणि त्यावरून एकेक पाऊल टाकत जायचं. डोक्यावर कडा पुढे झुकलेला, उजव्या-डाव्या बाजूला दगडांमधून वाहणारं पाणी, इतकं स्वच्छ की तळातलं शेवाळ वाऱ्यातल्या गवतासारखं हलताना दिसतं. समोरून कोणी येत असेल तर एका बाजूने थांबायचं, आधी निघालेल्याला येऊ द्यायचं, सगळे हसून थँक्यू म्हणतात. तिथे दगडावर डिपर नावाचा पक्षी हमखास दिसतो, गडद रंगाचा, गुबगुबीत, छाती पांढरीशुभ्र, दगडावर उभा राहून सारखा गुडघे वाकवल्यासारखं करतो आणि अचानक पाण्यात शिरून तळाशी किडे शोधत चालायला लागतो, हो, चक्क पाण्याखाली. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो बुडाला असंच वाटलं होतं, मग तो दोन फूट पुढे वर आला.

ची डेल सोपी नाहीये हे पण सांगते. अंतर कमी वाटतं पण वेग निम्म्यावर येतो, झाडांची मुळं, चिखल, आणि लाखो बुटांनी घासून गुळगुळीत झालेला चुनखडीचा दगड, जो ओला असला की पाय सटकतोच. चांगल्या सोलचे बूट हवेतच, कॅनव्हास किंवा सँडल नको, बाबागाडी तर अजिबात नाही. नदी चढलेली असेल तर ते दगड पाण्याखाली जातात, तेव्हा धाडस करू नका. या दऱ्यांमधली ॲशची झाडं बुरशीच्या रोगाने मोठ्या प्रमाणावर मरतायत, फांद्या पडण्याचा किंवा दरड सुटण्याचा धोका असला की काही वाटा बंद ठेवतात, तर निघण्याआधी नॅशनल पार्कच्या साइटवर एकदा बघा आणि बंदचा बोर्ड असेल तर तो ओलांडून जाऊ नका.

मला सगळ्यात जमणारा दिवस असा. सकाळी लवकर हॅसपहून सायकल, न थांबता ब्लॅकवेल मिलपर्यंत आणि परत, बोगद्यांत सकाळी गर्दी नसते, मनसोक्त चालवता येते. सायकल परत करून जेवण. मग गाडीने मिलर्स डेलला यायचं आणि नदीकाठाने ची डेलमधून ब्लॅकवेल मिलपर्यंत पायी, परत येताना ट्रेलवरून म्हणजे सकाळी सायकलने केलेल्या बोगद्यातून. रमत गमत तीन तास धरा. एकच जागा आधी डोंगराच्या पोटातून आणि मग नदीच्या बाजूने बघितली की नकाशावर ती वाट का तशी वळते ते डोक्यात पक्कं बसतं. ज्यांच्यात एवढा दम नसेल त्यांनी ची डेलऐवजी वर सांगितलेला क्रेसब्रुक ते लिटन मिलचा तुकडा करावा, तो छोटा आहे आणि आनंद तेवढाच.

आता वाटांचे नियम, कारण आपल्या लोकांचा इथे फार गोंधळ होतो. पहिली गोष्ट, पायवाट एखाद्याच्या शेतातून, अगदी घराच्या अंगणाजवळून जात असली तरी तो तुमचा कायदेशीर हक्क आहे, अशा हक्काच्या वाटा इंग्लंड आणि वेल्स मिळून 2 लाख किलोमीटरच्या वर आहेत. मालक काय म्हणेल म्हणून घाबरायचं काही नाही, फक्त वाट सोडायची नाही. पिवळा बाण म्हणजे फुटपाथ, तो फक्त चालणाऱ्यांसाठी, तिथे सायकल चालवायचा हक्क नाही. निळा बाण म्हणजे ब्रायडलवे, घोड्यांची वाट, त्यावर सायकल चालते, पण चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी जाऊ द्यायचं. घोड्यामागून येत असाल तर लांबूनच आवाज द्या, बेल जवळ जाऊन वाजवलीत तर घोडा बिथरतो. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर नकाशा नंबर ओएल 24 घ्या, व्हाइट पीकचा म्हणजे या चुनखडीच्या भागाचा, 1:25,000 चा, त्यात प्रत्येक शेताची भिंत दिसते आणि या हक्काच्या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवल्यात. दरीत मोबाइलची रेंज जाते, त्यामुळे कागदाचा नकाशा किंवा आधी डाउनलोड केलेला, यातलं काहीतरी असलंच पाहिजे.

हा हक्क आपोआप मिळालेला नाही बरं का. याच पीक डिस्ट्रिक्टच्या उत्तरेला किंडर स्काउट नावाचं पठार आहे, तिथे 24 एप्रिल 1932 ला मँचेस्टरकडचे शेकडो कामगार तरुण जमीनदारांनी बंद ठेवलेल्या माळावर मुद्दाम घुसले, बेनी रॉथमन पुढे होता, त्याच्यासह पाच जणांना तुरुंगात टाकलं. पुढे 1949 मध्ये नॅशनल पार्कचा कायदा झाला आणि 2000 मध्ये मोकळ्या माळरानावर फिरायचा हक्क देणारा कायदा झाला. आठवडाभर गिरणीत राबून रविवारी डोंगरावर जायला मिळावं म्हणून लोक तुरुंगात गेले, हे कळल्यावर शेतातल्या त्या छोट्या पिवळ्या बाणाकडे मी तरी वेगळ्या नजरेने बघते.

शेतातून जाताना फाटक जसं असेल तसंच सोडायचं, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. इथल्या भिंती सिमेंटशिवाय नुसते दगड रचून केलेल्या असतात आणि त्यात माणूस जेमतेम जाईल एवढी उभी फट असते, दोन उंच दगडांच्या मध्ये, खाली अरुंद आणि वर जरा रुंद, म्हणजे माणसाचे पाय जातात पण मेंढी अडते. पाठीवर मोठी बॅग असेल तर काढून हातात घ्यावी लागते. दगड बुटांनी आणि हातांनी इतके गुळगुळीत झालेले असतात की किती पिढ्या इथून गेल्या असतील याचा अंदाज येतो. भिंतीवर चढून जाऊ नका, एक दगड निसटला की सगळा तुकडा ढासळतो आणि तो पुन्हा रचायला माणूस लागतो. आणि गायी. आपल्याला गायीची भीती वाटत नाही, सवय असते, पण इथल्या वासरं असलेल्या गायींपासून खरंच लांब राहा, गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घ्या. कुत्रं बरोबर असेल आणि गायी धावून आल्या तर पट्टा सोडून द्या, गायी कुत्र्यामागे जातात, तुमच्यामागे नाही.

बेकवेल गाव ठीकठाक. सोमवारी बाजार असतो, त्या दिवशी छान वाटतं पण पार्किंग मिळत नाही. बेकवेल पुडिंग खाऊन बघा, खाली पापुद्र्यांची पेस्ट्री, त्यावर जॅम आणि वर अंडं-बदामाचं मऊ सारण, दुकानात गरम करून मागा, थंड अजिबात चांगलं लागत नाही. अंडं न खाणाऱ्यांनी लांब राहावं. ट्रेलवरच्या कॅफेंमध्ये शाकाहारी लोकांना सूप, जॅकेट पोटॅटो, केक, स्कोन एवढं मिळतं, पोट भरतं, पण दुपारी रांग खूप. आम्ही पोळी-भाजीचा डबाच नेतो आणि मिलर्स डेलच्या बाकांवर बसून खातो, आणि चहा फक्त कॅफेत घेतो. डब्याचा कचरा सगळा घरी परत.

दुसरा दिवस असेल तर बेकवेलहून टेकडी ओलांडून चॅट्सवर्थला पायी जा. ड्यूक ऑफ डेव्हनशरचा महाल आणि बाग बघायला महागडं तिकीट आहे, पण बाहेरच्या पार्कमध्ये चालायला काही लागत नाही, आणि पायी येणाऱ्याला महाल टेकडीवरून हळूहळू उलगडत दिसतो, गाडीने पार्किंगला आलेल्याला ते सुख नाही. वाटेत एडन्सर गाव लागतं, तिथल्या चर्चच्या आवारात जोसेफ पॅक्स्टनची समाधी आहे, इथल्या बागा घडवणारा आणि नंतर लंडनचा क्रिस्टल पॅलेस, म्हणजे काच-लोखंडाची ती प्रचंड प्रदर्शनाची इमारत, उभारणारा हाच. बेकवेलमधून सुरुवातीचा चढ दमवणारा आहे, मग सगळं सोपं. आणि ईम गाव, 1665-66 च्या प्लेगमध्ये ज्या गावाने रोग बाहेर पसरू नये म्हणून स्वतःला कोंडून घेतलं आणि 260 माणसं गमावली. ईम आणि स्टोनी मिडलटन यांच्या मध्ये शेतात एक सपाट दगड आहे, त्याला गोल खळगे पाडलेत, नाण्यांवरून रोग जाऊ नये म्हणून त्यात व्हिनेगर भरून गावकरी नाणी ठेवायचे आणि पलीकडचे लोक अन्न ठेवून जायचे. शेतातल्या वाटेने तिथवर चालत जाता येतं. कोविडनंतर त्या खळग्यांत बोट घालून बघताना मला काय वाटलं ते लिहिता येणार नाही. सायकलने ईमला जायचा विचार असेल तर रस्ते खूप चढाचे आणि अरुंद आहेत, पायांत ताकद असेल तरच.

गाडी नसेल तरी जमतं. डर्बीहून मॅटलॉक, बेकवेल मार्गे बक्सटनला ट्रान्सपीकची बस आहे, शेफील्डहूनही बेकवेलला बस येते, आणि मँचेस्टर पिकाडिलीहून बक्सटनपर्यंत ट्रेन आहे. इंग्लंडमधल्या बऱ्याच बसना जानेवारी 2025 पासून एका बाजूचं भाडं जास्तीत जास्त 3 पौंड केलंय, त्यामुळे चौघांनी गेलं तरी पार्किंग आणि पेट्रोलच्या मानाने परवडतं. बसमध्ये सायकल घेतील असं धरून चालू नका, म्हणून बसने येणाऱ्यांनी भाड्याचीच घ्यावी. बेकवेलच्या बसस्टॉपपासून ट्रेल वर चढावर आहे, दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं. व्हीलचेअर किंवा गुडघे दुखणाऱ्यांसाठी मात्र हॅसप किंवा मिलर्स डेलचं पार्किंगच बरं, तिथून वाट दाबलेल्या बारीक खडीची, रुंद आणि पायऱ्यांशिवायची आहे, माझ्या सासूबाई काठी घेऊन चुन्याच्या भट्ट्यांपर्यंत आरामात गेल्या.

कधी जायचं, तर मे-जून सगळ्यात भारी, दरीत रानलसणीची पांढरी फुलं आणि तिचा वास, आणि उजेड रात्री साडेनऊपर्यंत. ऑगस्टच्या वीकेंडला आणि बँक हॉलिडेला दुपारी जाणं टाळा, लांब पट्ट्यांची कुत्री आणि जोरात जाणाऱ्या ई-बाइक यांच्यामध्ये लहान मुलांना सायकल चालवू द्यायची भीती वाटते. ऑक्टोबरच्या शेवटी झाडं पिवळी होतात, गर्दी ओसरते, ते पण छान. हिवाळ्यात जाणार असाल तर एक नक्की लक्षात ठेवा, बोगद्यांमधले दिवे फक्त दिवसाउजेडी चालू असतात आणि डिसेंबरमध्ये चारलाच अंधारतं, तर सायकलला पुढचा-मागचा दिवा लावा, चालत असाल तर टॉर्च ठेवा, आणि ब्लॅकवेल मिलच्या टोकाहून दोनच्या आत परत फिरा.